कॅरिबियन क्रूझवर आई-बाबांना कुठल्या बोटीत बसवायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुम्ही न्यू जर्सीत, आणि पुण्याहून आई (६४) आणि बाबा (७१) येणार आहेत. मायामीहून सुटणारी ७ रात्रींची क्रूझ जवळजवळ ठरली आहे: मेक्सिकोतलं कोझुमेल बेट, ग्रँड केमन बेट, जमैकातलं फालमथ आणि शेवटी बहामामधलं कंपनीचं खासगी बेट. बाबांचा उजवा गुडघा दुखतो. आईला पोहता येत नाही, शिवाय तिला घाटात गाडी लागते. सगळं निवांत व्हावं अशी तुमची इच्छा आहे, पण 'एकदा तरी लहान बोटीतून फिरून येऊ' हा बाबांचा हट्ट. एजंट चारही बंदरांच्या सहली एकत्र घ्या म्हणतोय. तर कुठली बोट घ्यावी, आणि मे बरा की नाताळचा आठवडा?

मी वेंगुर्ल्याचा. क्रूझच्या जहाजांवर ११ वर्षं काढली. पहिली ४ डायनिंग रूममध्ये ताटं उचलण्यात, पुढची ७ शोअर एक्स्कर्शनच्या डेस्कवर. म्हणजे बंदरात उतरून काय करायचं ते प्रवाशांना विकायचं, आणि संध्याकाळी त्यांच्या तक्रारी ऐकायच्या. जे सांगतोय ते बरंचसं त्या तक्रारींतून शिकलेलं आहे. (आमच्या गावात आगबोटीलाही बोटच म्हणतात. घोळ नको म्हणून इथे मोठं ते जहाज, लहान ती बोट.)

अशा सहलीत निवांतपणा मोडतो तो बोटीत चढता-उतरताना. बोटीत बसल्यावर कुणालाच फारसा त्रास होत नाही. सहलीच्या माहितीपत्रकात चालणाऱ्या माणसाचं चित्र असतं: सोपी, मध्यम, दमवणारी. ती खूण चालण्यापुरती असते. बोटीची सहल बहुतेक वेळा 'सोपी' या खान्यात पडते, कारण चालायचं नसतंच. पण त्या बोटीला पाण्यात उतरायला सरळ उभी शिडी आहे हे त्या चित्रात कुठेच दिसत नाही.

हे मला माझ्या चुकीतून कळलं. डेस्कवर माझं पहिलंच वर्ष होतं. भारतातलंच एक जोडपं आलं, काका सत्तरीचे. कॅटामरानची सहल मागत होते. मी चित्र बघितलं, एकच माणूस, म्हणजे सोपी. दिली तिकिटं. कॅटामरानला दोन सांगाडे असतात, ती रुंद असते, फार डोलत नाही, हे सगळं खरंच होतं. काका मजेत पाण्यात उतरले. वर येताना मात्र पाण्यात लोंबणाऱ्या शिडीची खालची पायरी त्यांच्या गुडघ्याच्या उंचीला आली. पाय तिथवर उचलायचा, मग सगळं वजन त्या एका गुडघ्यावर घेऊन ओलं अंग वर खेचायचं. ते काही जमेना. शेवटी दोन खलाशांनी काखेत हात घालून त्यांना वर ओढलं, पंचवीस माणसांसमोर. दुखापत काही झाली नाही. पण उरलेल्या क्रूझमध्ये काका जहाजावरून खाली उतरले नाहीत, आणि काकू मला रोज नाश्त्याला भेटून काही न बोलता पुढे जात. तेव्हापासून सहल विकताना मी एकच हिशेब करायचो: जहाज सोडल्यापासून परत येईपर्यंत किती चढ-उतार आहेत, आणि त्यांतला सगळ्यात वाईट कुठला?

आता हाच हिशेब तुमच्या बंदरांना लावू.

ग्रँड केमनला क्रूझची जहाजं धक्क्याला लागत नाहीत, कारण तेवढा धक्काच नाही. तो बांधायचा की नाही यावर २०२५ साली तिथे सार्वमत झालं आणि लोकांनी नकार दिला. त्यामुळे जहाज जॉर्जटाउनसमोर नांगर टाकतं आणि टेंडर नावाच्या लहान बोटींतून किनाऱ्यावर जावं लागतं. कोकणातल्या कुणाला हे समजावून सांगावं लागत नाही. मुंबई-गोवा आगबोटी चालायच्या तेव्हा बहुतेक बंदरांत आगबोट बाहेरच उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या मचव्यातून काठाला यायच्या. आमचे आजोबा ते वर्णन करताना अजून अंगावर पाणी उडाल्यासारखा चेहरा करायचे. टेंडर म्हणजे तोच मचवा, फक्त इंजिन, छप्पर आणि नारिंगी जॅकेटं जास्तीची.

टेंडरमध्ये पाऊल टाकायची एक पद्धत आहे, ती बाबांना आधीच सांगून ठेवा. जहाजाच्या खालच्या दारात एक फळी असते, पलीकडे बोट वर-खाली होत असते. दोन्ही बाजूंना एकेक खलाशी. माणसं काय करतात, तर खाली पाण्याकडे बघतात आणि खलाशाचा पंजा धरतात. पंजा ओला असला की निसटतो. खलाशी तुमचा हात मनगटाच्या वर, कोपरापाशी धरतो. आपणही त्याचा हात तसाच धरायचा, म्हणजे पकड दुहेरी होते. बोट वर येऊन क्षणभर थबकते, तेव्हा तो 'नाऊ' म्हणतो. त्याच वेळी पाऊल टाकायचं, आणि टाकायचं ठरल्यावर मागे घ्यायचं नाही. हातात पिशवी, काठी, मोबाइल काही नको. काठी तुम्ही धरा, आणि बाबांच्या आधी तुम्ही पलीकडे जा, म्हणजे समोर ओळखीचा चेहरा दिसतो. पहिलं पाऊल दुखऱ्या पायाचं टाकावं की चांगल्या, असंही विचारतात. बोट खाली असेल तर दुखरा पाय आधी, वर असेल तर चांगला. जिना उतरताना-चढताना फिजिओथेरपिस्ट सांगतात तेच.

आता केमनची प्रसिद्ध सहल. नॉर्थ साउंड नावाच्या मोठ्या खाडीत एक वाळूचा दांडा आहे, पाणी कमरेइतकं, आणि त्यात डझनांनी स्टिंगरे फिरतात. स्टिंगरे म्हणजे आपलं पाकट. मासे पकडून येणारे कोळी या शांत पाण्यात मासे साफ करून टाकाऊ भाग खाली टाकायचे. त्या खाण्याला पाकटं सोकावली, इंजिनचा आवाज आला की जमू लागली. १९८०च्या दशकात पाणबुड्यांनी त्यांना हातानं भरवायला सुरुवात केली आणि आज हा सगळा धंदा उभा आहे. मालवणी माणसाला पहिल्यांदा जरा हसू येतं. आपण ज्याचं कालवण करतो त्याच्या पाठीवरून हे लोक मांजरासारखा हात फिरवत असतात. पण स्पर्श खरंच सुंदर आहे, पोटाकडचा भाग ओल्या मखमलीसारखा. शेपटीला काटा असतो, म्हणून पाय उचलून चालायचं नाही. वाळूत घासत, सरकत चालायचं, म्हणजे पाकट पायाखाली न येता बाजूला होतं. त्यांना पाण्याबाहेर उचलायला तिथल्या नियमांत बंदी आहे. कुणी फोटोसाठी उचलून द्यायला लागला तर नको म्हणा.

आईला पोहता येत नाही ही इथे फारशी अडचण नाही. पाणी कमरेचं, पट्ट्याचं जॅकेट मिळतं, आणि खाडीच्या तोंडाशी प्रवाळाची रांग असल्यानं आत मोठी लाट येत नाही. अडचण बाबांची आहे. चढ-उतार मोजा: जहाजातून टेंडर, टेंडरमधून धक्का, धक्क्यावरून बस, बसमधून उतरून बोट, बोटीतून शिडीनं पाण्यात, शिडीनं परत वर, बोटीतून धक्का, पुन्हा बस, पुन्हा टेंडर, पुन्हा जहाज. बसमधून उतरणं वेगळं धरलं तर डझनभर होतात. त्यांतला सगळ्यात वाईट म्हणजे पाण्यातून शिडीनं वर येणं, माझ्या त्या काकांचाच. काही बोटींना मागच्या बाजूला रुंद, तिरक्या पायऱ्या असतात, दोन्हीकडे दांडे असतात. काहींना नुसती सरळ शिडी. सहलीचं नाव एकच असलं तरी बोट कुठली येईल यावर सगळं आहे. म्हणून 'सोपी आहे का?' असं विचारू नका. 'पाण्यातून वर यायला शिडी आहे की पायऱ्या? खालची पायरी पाण्यात किती खोल जाते? दोन्ही हातांना दांडे आहेत का?' असं विचारा. डेस्कवरच्या माणसाला माहीत नसेल तर तो बोटवाल्याला फोन करून सांगू शकतो. मी करायचो.

आणखी एक प्रश्न विचारा, जो कुणीच विचारत नाही: बोटीवर टॉयलेट आहे का? आपल्याकडच्या बायका बोटीवर सोय नाही म्हटल्यावर सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग दुपारी डोकं दुखतं, मळमळतं, आणि दोष समुद्राला. उन्हाचंही तसंच. फालमथ पुण्याच्याच अक्षांशावर आहे आणि केमन मुंबईच्या, त्यामुळे ऊन ओळखीचंच. पण वाऱ्यामुळे ते जाणवत नाही आणि संध्याकाळी मान भाजलेली असते. सावली असलेली बोटच घ्या.

एजंटनं केमनसाठी दुसरा पर्याय म्हणून अर्धपाणबुडी सुचवली असेल. तिच्यात खाली उतरून काचेतून समुद्रतळ बघायचा असतो. जॉर्जटाउनच्या बंदरातच काली नावाचं एक जुनं जहाज बुडालेलं आहे, त्याच्यावरून नेतात. त्या जहाजात तांदूळ होता. पाणी शिरलं, तांदूळ फुगला आणि जहाज गेलं, असं तिथले गाइड रंगवून सांगतात. बाबांच्या गुडघ्याला ही सहल बरी आहे, आतला अरुंद जिना तेवढा सोडला तर. आईला मात्र मी मुळीच नेणार नाही. गाडी लागते ती कानाला हलणं कळतं आणि डोळ्यांना ते दिसत नाही म्हणून. घाटात खिडकीबाहेर लांब बघितलं की बरं वाटतं, तेच इथे लागू आहे. उघड्या बोटीत क्षितिज दिसतं, अर्धपाणबुडीत फक्त काचेबाहेर डोलणारे मासे. एरवी कधी न लागणाऱ्या माणसांनाही मी तिथून पांढरे पडून बाहेर येताना बघितलंय. बातमीत येते तशी पूर्ण बुडणारी पाणबुडीही तिथे आहे. ती खाली गेल्यावर अगदी स्थिर असते, पण तिच्यात शिरायला उभी शिडी उतरावी लागते, म्हणजे पुन्हा बाबा अडले.

फालमथची गोष्ट निराळी. तिथे २०११ साली मोठ्या जहाजांसाठीच धक्का बांधला. जहाजातून सरळ चालत उतरता येतं, टेंडर नाही. तिथून पंधरा-वीस मिनिटांवर मार्था ब्रे नदी आहे, आणि तिच्यावर बांबूचा तराफा. साधारण ३० फूट लांब, मागच्या भागात दोन माणसांची उंच केलेली बैठक, पुढे उभा राहून एक जण बांबूनं तराफा ढकलतो. इंजिन नाही, लाट नाही. तीनेक मैल नदी, तास-सव्वा तास. दोन्ही काठांना गर्द झाडी. पाणी हिरवट, आणि आवाज फक्त बांबू तळाला टेकतो त्याचा. तराफ्याच्या फटींतून पाणी वर येतं आणि पावलं ओली होतात, एवढंच. चपला मागून पट्टा असलेल्या घ्या.

इथला चढ-उताराचा हिशेब: धक्का, बस, तराफा, आणि तेवढंच परत. सगळ्यात वाईट कुठला, तर तराफ्यावरून उठून काठावर पाय ठेवणं. बैठक खुर्चीइतकी उंच नाही, तेव्हा दुखऱ्या गुडघ्याला उठताना आधार लागतो. पण तराफा स्थिर असतो आणि घाई नसते. एका तराफ्यावर दोघंच बसतात. आई-बाबांना एकत्र बसवा, तुम्ही मागच्या तराफ्यावर राहा आणि त्यांना त्यांचं असू द्या. तुमच्या मनात आईला एकटं कसं सोडायचं हे येईल, पण तो तराफेवाला रोज हेच करतो. वाटेत तो एक कठीण सालीचं वाळलेलं फळ कोरून त्यावर नाव घालून देईल आणि पैसे मागेल. काठावर विकणारेही हाका मारतील. मान हलवून नको म्हटलं की पुढे जातात. सहल झाल्यावर तराफेवाल्याला थोडी टिप सुट्या डॉलरांत द्या.

बाबांची लहान बोटीची हौस मार्था ब्रेवर भागवा, असं माझं मत आहे. समुद्र नाही म्हणून ते कुरकुरतील. पण समुद्र सात दिवस चारही बाजूंना असतोच. आईला आवडेल अशी आणखी एक गोष्ट इथे आहे: बसमधून काठाकाठानं नीरफणसाची झाडं दिसतील. १७९३ साली ती ताहितीहून मुद्दाम आणून लावली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खायला घालता यावं म्हणून. आणि जमैकात कॅलालू म्हणून जी पालेभाजी खातात ती आपल्या माठाचीच बहीण. १८४५ पासून तिथे भारतातून मजूर नेले गेले, त्यामुळे करी हा शब्द तिथे पाहुणा नाही.

अट एकच, पावसाची. मेमध्ये जमैकात पाऊस असतो, आणि नदी चढली तर तराफे बंद ठेवतात. तसं झालं तर पैसे परत मिळतात, पण सहल जहाजाकडून घेतलेली असली तर. यावरून तुमच्या महिन्याच्या प्रश्नाकडे येतो.

नाताळच्या आठवड्याच्या मी विरुद्ध आहे. भाडं वर्षातलं सगळ्यात जास्त, जहाज मुलांनी भरलेलं, आणि थंडीत उत्तरेकडून वारे उतरतात. केमनचं जॉर्जटाउन बेटाच्या पश्चिमेला आहे. नेहमीचा वारा पूर्वेकडून येतो तेव्हा ती बाजू आडोशाला पडते आणि टेंडर आरामात चालतात. वारा वायव्येकडून फिरला की तीच बाजू उघडी पडते, आणि कप्तान केमन सोडून पुढे जातो. मायामीहून निघाल्यावर गल्फ स्ट्रीमचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो. त्याच्याविरुद्ध उत्तरेचा वारा आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. आईची पहिलीच रात्र तशी जाऊ नये. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यात ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळ्यात वाईट. म्हणून मेचा पहिला पंधरवडा चांगला. वारा मवाळ असतो, शाळा सुरू असतात, गर्दी कमी. जमैकातल्या पावसाची जोखीम मी त्यासाठी पत्करेन.

मेमध्ये एक घोळ मात्र आठवणीनं सांभाळा. मायामीची घड्याळं तेव्हा उन्हाळी वेळेवर असतात. कोझुमेल, केमन आणि जमैका तिघंही वर्षभर एकाच वेळेवर राहतात, कोझुमेलचं तर २०१५ पासून असं आहे. म्हणजे मेमध्ये मायामीत १० वाजले की तिथे ९. काही जहाजं स्थानिक वेळ लावतात, काही मायामीचीच ठेवतात. तुमचा मोबाइल मात्र किनाऱ्यावर उतरताच स्वतःहून मागे जातो. जहाजाची वेळ पुढे आणि मोबाइल एक तास मागे, असं झालं की माणूस निवांत बाजार करतो आणि धक्क्यावर आल्यावर जहाज गेलेलं असतं. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून बाबांच्या हाताला बांधा. शिवाय जहाजावर परतायची वेळ सुटायच्या अर्धा तास तरी आधीची असते.

इथेच सहल जहाजाकडून घ्यावी की बाहेरून, हा प्रश्न येतो. बाहेरची स्वस्त पडते, आणि पुष्कळदा बोट तीच असते. पण जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्ही बाहेरून गेला असाल तर थांबत नाही. टेंडरच्या बंदरात जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी खाली सोडतात, म्हणजे सकाळची रांग टळते. मी एकटा असतो तर सगळीकडे बाहेरून गेलो असतो. आई-बाबा बरोबर असताना फालमथ आणि केमनची सहल जहाजाकडून घेईन, कोझुमेलला काहीच घेणार नाही. जहाज तिथे धक्क्याला लागतं, टॅक्सी दारात मिळते. तासाभरासाठी सान हेर्वासिओला माया या तिथल्या प्राचीन लोकांचे अवशेष बघून येता येईल. इश्चेल देवीच्या दर्शनाला माया बायका समुद्र ओलांडून या बेटावर यायच्या. एजंटच्या यादीत कोझुमेलहून चिचेन इट्झा, म्हणजे मुख्य भूमीवरचं जुनं माया शहर, असेलच. त्यात पाऊण तास फेरीबोट, मग अडीच तास बस, आणि तेवढंच परत. ती फेरीबोट आईला घाटाची आठवण करून देईल. ते साफ नको.

म्हणजे माझा आराखडा असा: कोझुमेलला टॅक्सी, फालमथला तराफा, बहामात वाळूवर खुर्ची. केमनला आधी बोटीच्या पायऱ्यांची चौकशी, आणि समाधान झालं तरच पाकटं. बहुतेक कंपन्यांत २४ ते ४८ तास आधीपर्यंत सहल रद्द करता येते, तेव्हा नाव नोंदवून ठेवा आणि आई-बाबा कसे आहेत बघून ठरवा. नाहीच जमलं तर तुम्ही एकटे जाऊन या. बाबांना पाण्यात न उतरता बोटीवरून पाकटं बघायची असतील तरी चालेल. पाणी इतकं नितळ असतं की वरून सावलीसारखी सरकताना स्पष्ट दिसतात. पण शिडी टळली तरी बाकीचे चढ-उतार उरतातच.

आणि एक दिवस मुद्दाम जहाजावरच घालवा. बंदराच्या दिवशी सकाळी दहानंतर जहाज रिकामं होतं. तेच गरम पाण्याचं टाकं, तीच डेकवरची खुर्ची, जिच्यासाठी समुद्राच्या दिवशी लोक टॉवेल टाकून जागा धरतात. मी विकायला बसलेला माणूस असूनही वयस्कर प्रवाशांना हे सांगायचो, आणि माझा मॅनेजर नाक मुरडायचा. अडचण एवढीच की आपले आई-बाबा 'पैसे भरलेत ना' म्हणून उठून निघतात. तुम्ही डॉलर मोजलेत हे त्यांना माहीत असतं, म्हणून गुडघा दुखतोय हे सांगत नाहीत. चारही बंदरांचं पॅकेज घेऊ नका असं म्हणतो ते यासाठीच. आधी पैसे गेले की नको म्हणायची सोय राहत नाही.

आईच्या लागण्याबद्दल. खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्या. झोपाळ्याच्या दांडीपाशी जसा हेलकावा कमी, तसंच. घाटासाठी आपण अव्होमिन देतो, ती चालते पण झोप फार आणते, आणि झोपेत असलेल्या माणसाला टेंडरमध्ये चढवणं नको. अमेरिकेत मेक्लिझिन मिळते, ती जरा सौम्य. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. या वयात तिनं गोंधळल्यासारखं होऊ शकतं, काचबिंदू असेल तर ती चालत नाही, आणि बाबांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्यांनाही नाही. कुठलीही गोळी असो, बाकीच्या औषधांबरोबर चालते का ते त्यांच्या डॉक्टरांना पुण्यातच विचारा, आणि निघण्याआधी घरी एकदा घेऊन बघा. आलेपाकाच्या वड्या मात्र डबाभर आणायला सांगा.

जेवणाची काळजी करू नका. पहिल्या संध्याकाळी डायनिंग रूमच्या मुख्य वेटरला गाठून शाकाहारी, कांदा-लसूण चालतं की नाही, तिखट किती, हे सांगा. भटारखान्यात भारतीय हात हमखास असतात. आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी डाळ-भात, भाजी, पोळी टेबलावर येते. माझ्या वेळी एका पुणेरी आजींनी आमच्या गोव्याच्या शेफला वरणात गूळ घालायला लावला होता, आणि पुढचे सहा दिवस तो मला विचारत होता, अजून घालू का. टिप बिलातच लागते, साधारण १६ ते २० डॉलर माणशी दर दिवशी, ती बजेटमध्ये धरा.

कागदपत्रांचं थोडक्यात: जहाज अमेरिकेतून बाहेर जाऊन परत येतं, तेव्हा आई-बाबांचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा हवा. प्रत्येक बंदरासाठी भारतीय पासपोर्टला काय लागतं ते कंपनीकडून लेखी घ्या. तुम्ही स्वतः एच-वन-बीवर असाल आणि पासपोर्टवरचा शिक्का संपला असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय निघू नका. आई-बाबांसाठी घेतलेला विमा अमेरिकेबाहेर, जहाजावरच्या दवाखान्यात आणि आधीपासूनच्या आजारांना चालतो का, हे बघा. जहाजावरचा दवाखाना स्वस्त नसतो आणि पैसे तिथेच घेतात.

शेवटी माझाच एक प्रश्न. बाबांचा गुडघा नुसता दुखतो, की बदललेला आहे? आणि जमिनीवर बसून हाताच्या आधारानं उठता येतं का? उठता येत नसेल तर तराफ्याचाही विचार पुन्हा करावा लागेल. घरी खुर्चीपेक्षा बुटक्या स्टुलावर बसवून, एका हातानं तुमचं मनगट धरून ते उठतात का बघा, आणि इथे कळवा.